लालशेपट्यांचं रान

मी थेल्मा गॉरिंज, कै. लेस्टर गॉरिंज यांची पत्नी, धंदा गहू आणि मेंढ्या, राहणार डंबिन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. वय झालं तरी डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा क्लाइव्ह शंका काढील.

१. घर, ट्रॅक्टर, मेंढ्या आणि ओढ्याअलीकडची सगळी गव्हाची जमीन क्लाइव्हला. चिनी मातीची भांडी त्याच्या बायकोला, नोरीनला. मात्र तिने आपलं मांजर घरात ठेवावं, रानात शिकारीला सोडू नये.

२. ओढ्यापलीकडचं वांडूच्या झाडांचं रान मुलगी ऑड्री हिला. ते तोडू, विकू वा नांगरू नये. कारण नमूद करते.

लग्नानंतरच्या दुष्काळात लेस्टर कुंपणाच्या खांबांसाठी तिथली वाळकी झाडं पाडत होता. एका झाडाला ढोली होती. तो टोपी छातीशी धरून घरी आला. आत पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, डोळेही न उघडलेली. "आई झाडाखाली मेली गं," एवढंच बोलला.

शेजारची मर्टल आली. हा मुलूख मुळात तिच्या नूंगार लोकांचा. "आम्ही यांना केंगूर म्हणतो. लालशेपटी, ढोलीत राहणारी, उंदरासारखी," ती म्हणाली. "बापाची वाट बघू नका. हिवाळ्यात जुगले की नर सगळे मरतात, वर्षाचेही होत नाहीत. पुढचं सगळं एकट्या आईवर."

चुलीशेजारी लोकरीत ठेवली. एकेक करून सगळी गेली. लेस्टरने त्या रानात पुन्हा कुऱ्हाड नेली नाही.

मर्टल आता नाही. तिच्या नातवंडांना रानात केव्हाही येता यावं. फाटकाला कुलूप घालू नये.

३. गेल्या वर्षी क्लाइव्हने वारा सुटलेला असताना शेतातली धसकटं पेटवली. मी म्हटलं, "थांब रे, वारा पडू दे."

"आई, मध्ये ओढा आहे की. तुझे उंदीर काही जळत नाहीत!"

ओढा कोरडा होता. आग पलीकडे गेली. ढोलीची जुनी झाडं आधी पेटली. तशी ढोली व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. क्लाइव्ह पाण्याची टाकी घेऊन दोन दिवस झुंजला, त्याचे हात भाजले, हेही लिहिते. म्हणून जमीन त्याला देते. रान देत नाही.

४. ऑड्रीने उरलेल्या झाडांवर ढोल्यांऐवजी लाकडी पेट्या बांधल्या. त्याच वर्षी जुलैत, ऐन हिवाळ्यात, तिला एकच नर दिसला, ओढ्याकाठी मेलेला, अंगावरचे केस झडलेले. त्याला मादी भेटली होती, की शोधता शोधताच मेला, कळायला मार्ग नाही. तो हातात घेऊन ती म्हणाली, "आई, हा शेवटचा तर नसेल ना?"

पेट्या अजून रिकाम्या आहेत. ऑड्रीने, आणि तिच्यामागे ज्याच्याकडे रान जाईल त्याने, दर वसंतात शिडी लावून त्या उघडून बघाव्यात. कुणीच आलं नाही तरी पेट्या उतरवू नयेत.

सही: थेल्मा गॉरिंज
आमच्यासमक्ष सही झाली. आम्हांला यातलं काही मिळत नाही:
बर्ट्रम लाइल, टपालवाला
विनिफ्रेड कीओ, परिचारिका
डंबिन, १९ नोव्हेंबर २०२१