एका छपराखाली

सौंदड
८ डिसेंबर २०२४

चि. दुर्गेश्वरीस गोमती आजीचे अ. आ. वि. वि. इथं सारे खुशाल, म्हणजे खुशाली इचाराले कोणाले फुरसत नाही. तुही फोनवरची किरकिर आता माह्या कानात शिरत नाही. तुहा भाऊ टिकेश फोन कानाले लावते, मी हो हो म्हणते, अन् मांगून समजते की तू ताप आला म्हणून सांगत होतीस. म्हणून हे पत्र. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात चार महिने गिरवलं, ते आता कामी आलं. चुका दिसल्या तर हसजो, पण माह्या मांगं.

धानाचं चुरणं चालू आहे. तुहा बाप पोत्यावर निजते, तुहा भाऊ टॅक्टरवर. तुही माय अन् मी चुलीपुढून उठून नाही राहिलो. तुह्या वहिनीले, रविताले, चौथा लागला. मागल्या साली तिसऱ्यातच पोट पडलं, म्हणून सारं घर तिच्याकडे काचेच्या बरणीवाणी पाहते. पोरगी धड शिंकत पण नाही.

तुही भुरी कुत्री मस्त आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचं मटण खाऊन फुगली ते अजून उतरली नाही. ती माजावर आहे, बांधून ठेव, असं तू सांगून गेली होतीस. मी बांधलंही. पण मंडईले घरात बावीस पाव्हणे, अन् भुरी भुकू भुकू साखळीचा जीव घेऊन राहिली होती. जावयाचं लेकरू भेवून रडाले लागलं, तवा मीच साखळी काढली. एका दिवसानं काय होते? तिच्या नसबंदीच्या ऑपरेशनचं बापाले सांगायचंही राहून गेलं. जनावराच्या पोटात सुरी कायले?

अभ्यास कर. पेशंटले सुई टोचताना त्याच्या तोंडाकडे पाहू नको, तो रडते.

लोभ आहेच. तो नाही वाढवला तरी चालते, पत्र वाढव.
गोमती

*

नर्सिंग होस्टेल, गोंदिया
१४ डिसेंबर

ती. स्व. आजीस दुर्गेश्वरीचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं. सगळ्या म्हणाल्या, अशी आजी आम्हालाही दे. मी म्हटलं, न्या, पण परत घेणार नाही.

आजी, मंडईचं मटण महिनाभर कोणाच्या पोटात राहत नाही. अर्ध्या सौंदडच्या बायांचे दिवस तू नुसत्या चालीवरून सांगतेस, आणि भुरीचे तुला कळू नयेत? कळले असतील. साखळी तू काढलीस म्हणून लिहायचं टाळलंस. बरोबर ना?

आता रागावून उपयोग नाही. मी हिशेब केला, संक्रांतीच्या आधीच ती विणार. तिला रोज एक अंडं दे, थोडं दूध दे. आणि हे नीट वाच. कुत्री आपली जागा आधीच निवडते. ती कुठे पायांनी जमीन उकरते ते बघ, तिथे जुनी गोधडी टाक, आणि तिथून तिला हलवू नका. हलवलं की ती घाबरते. सात वर्षांची आहे, पहिलंच वेत आहे. मला जानेवारी संपेपर्यंत वॉर्ड ड्युटी आहे, सुट्टी मिळणार नाही. तिला तुझ्या भरवशावर सोडते. एक पिल्लू माझं, आतापासून सांगून ठेवते.

वहिनीला लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांग.

तुझ्या मायेची आणि अक्षराची वाट पाहणारी,
दुर्गेश्वरी

*

सौंदड
२४ डिसेंबर

चि. दुर्गेश्वरीस अ. आ. वि. वि. तू म्हणली तसंच निघालं. भुरी पोटुशी आहे. माह्या खाटेखाली जमीन उकरून राहिली होती, तिथंच मी जुन्या गोधडीचं बोथरं टाकलं. अंडंही देऊन राहिली होती. इथपर्यंत माही काही चूक नाही.

मंग रविताची माय, प्रेमिलाबाई, लेकीले पाहाले आली. खाटेखाली भुरीचं पोट पाहिलं अन् कपाळाले हात लावला. म्हणे, एका छपराखाली दोन गर्भारणी चालत नाहीत, एकीचं पोट दुसरीले खाते. मी म्हटलं, बाई, हे माणसांचं सांगतात, कुत्रीचं नाही. ती म्हणे, पोट ते पोट. अन् मागल्या सालची याद काढून रडाले लागली. तुहा बाप धानाच्या वजनकाट्यावरून आला होता, डोळे लाल, त्याले ना हो सुचे ना नाही. सारे माह्याकडे पाहत होते.

पोरी, मले त्या बाईची भीती नव्हती. पण उद्या रविताचं काही झालं, तर बोल कोणावर येईन? मी म्हटलं, ठीक आहे. भुरीले शेतावरच्या खोपडीत नेलं. आपली धानाची बांधी वाहणारा योगराज तिथं राहते, तो भाकर टाकते. पहिल्या दिवशी भुरी रेल्वे लाईन ओलांडून घरी आली. दुसऱ्या दिवशी पण आली. तिसऱ्यांदा मीच तिले दोरानं खोपडीच्या खांबाले बांधलं. धानाचं तणीस भरपूर आहे तिथं, थंडी लागत नाही.

रागावशीन. रागाव. पण रविताचं लेकरू भुरीच्या आधी की नाही, हे तूच सांग.

लोभाचं तू ठरव.
गोमती

*

गोंदिया
२८ डिसेंबर

आजी, नमस्कार. वि. वि. लिहायला हात धजत नाही.

बाबांना फोन केला. ते धान खरेदीच्या रांगेत होते. म्हणाले, हा आजीचा विषय, तिला लिही. म्हणून लिहिते आहे.

लाखोरीची डाळ निवडताना तूच मला सांगितलं होतंस. तुझ्या मोठ्या जाऊबाईला दिवस होते आणि तुलाही सहावा. एका छपराखाली दोघी नकोत म्हणून सासूने तुला बैलगाडीत घालून माहेरी पाठवलं. चुलबंद नदीच्या पात्रात गाडीचं चाक रुतलं आणि तिथेच सगळं संपलं. जाऊबाईचं लेकरू जगलं, तुझं नाही. तुला कोणी विचारलंही नव्हतं, असं तू म्हणाली होतीस. ते सांगताना तू रडली नाहीस, नुसती निवडत राहिलीस. म्हणून मला ते विसरता आलं नाही.

आणि भुरीला दोर तू बांधलास. प्रेमिलाकाकींनी नाही.

वहिनीच्या बाळाला कुत्रीमुळे काही होत नाही. मी इथे तेच शिकते आहे. पत्र मिळाल्याबरोबर दोर सोड. बाकी काही नको.

दुर्गेश्वरी

*

सौंदड
९ जानेवारी २०२५

चि. दुर्गेश्वरीस आशीर्वाद. वि. वि. तुहं पत्र पोस्टमननं टिकेशच्या हाती देल्लं, अन् त्यानं जाकिटात कोंबलं. धानाच्या गडबडीत चार दिवस ते जाकीट टॅक्टरच्या सीटवर पडून होतं. परवा सकाळी धुवाले टाकलं तवा सापडलं. टिकेशले मी शिव्या देल्ल्या, पण तो दोर काही त्यानं बांधला नव्हता.

पत्र दोन डाव वाचलं. मंग काठी घेतली अन् गाडीवाटेनं एकटीच शेताकडे गेली. खोपडीत योगराज नव्हता, आपल्याच धानासंगं काट्यावर गेला होता. खांबाले दोराचं तुटकं टोक होतं, दातानं चावलेलं. तणसात तीन पिल्लं. हात लावला, तिन्ही थंडगार. पालथ्या हातानं पण लावून पाहिला. जितं एकही नव्हतं. मी सुईणीचं काम केलं आहे, मले फरक कळते.

भुरी कुठी दिसेना. हाका मारल्या. ज्या तोंडानं हाकललं, त्याच तोंडानं.

घरी आली तर भुरी माह्या खाटेखाली. मी गाडीवाटेनं गेली, ती धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून आली होती. गळ्यात अर्धा दोर, अन् तोंडात धरून आणलेलं एक पिल्लू. बाकीची न्याले परत गेली असती, पण थकून आडवी झाली होती. अन् खाटेपाशी खाली कोण बसली होती? रविता. आपली शाल काढून पिल्लाले गुंडाळलं होतं तिनं, हातानं घासून घासून ऊब देऊन राहिली होती. मी दारातच थांबली. म्हटलं, बाई, तू दूर हो. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, आजी, भुरीले पाठवताना मले कोणी इचारलंच नाही. पोट तर माहं होतं ना.

 साठ वर्सांपयले हेच मी बोलाले पाहिजे होतं. तवा बोलली नाही, अन् आता ऐकाले लागलं.

तीन पिल्लं मीच आणून पुरली, घरामांगच्या सांदवाडीत, लिंबाखाली. एक मादी जगली आहे. ती तुही.

दोर चुलीत घातला.
आजी

*

सौंदड
५ मार्च

चि. दुर्गेश्वरीस अ. आ. वि. वि. दोन महिने झाले, तुहं पत्र नाही. तुह्या बापाले फोन येतात, मले कळते. फोन लावून देऊ का म्हणून तो इचारते, मी मान हलवते. मले ऐकू येत नाही हे खरं, अन् ऐकायची हिंमत नाही हेही खरंच.

पिल्लू मोठं झालं. माही चप्पल फाडली, मी काही म्हटलं नाही. जनावराचा डॉक्टर घरी बोलावला होता. भुरीचं ऑपरेशन तो पुढच्या आठवड्यात करणार आहे. मी स्वतः संगं जाणार. सुरी कायले, असं आता इचारत नाही.

रविताले सातवा लागला. तिची माय न्याले आली होती, पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. दोघींच्या बोलण्यात मी मधी पडली नाही. फक्त रविताले सामोर बोलावलं अन् इचारलं, तुले जायचं का राहायचं?  पोरगीनं पदराचं टोक पिळलं. मंग म्हणाली, राहायचं. प्रेमिलाबाई रुसून गेली. जाताना म्हणाली, या घरात म्हातारीले अक्कल उशिरा येते. खोटं कुठी बोलली?

भुरी बरी आहे. खाटेखाली निजते, पण मी खाटेवर बसली की उठून रविताच्या दाराशी जाते. पयले माह्या हातून भाकर घे, बोटं चाटे. आता मी भाकरीचा कुटका तिच्या पत्र्याच्या टोपल्यात ठेवते अन् चार पावलं मांगं सरते, तवा खाते. मी पाहत असली तर तेही नाही. म्हणून पाठ करून उभी राहते. जवा टोपल्यात वाजते, तवा समजते खाल्लं म्हणून. तेवढं मले अजून ऐकू येते.

होळीले येशीन का? नाही आलीस तरी मी पाठ करून उभी आहे, असं समज.

तुहीच,
गोमती आजी