हजेरी क्रमांक सतरा

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, तिसरा मजला,
विद्यापीठ मुख्य इमारत.

मार्फत : मा. समन्वयक, ऑनर्स कार्यक्रम. (त्या दौऱ्यावर असल्याने अर्ज थेट सादर.)

विषय : वर्गात हजर असताना गैरहजर लागलेला एक दिवस हजर धरून परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाने लावलेली अपात्र विद्यार्थ्यांची यादी, अनुक्रमांक १.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. (पोच आहे, उत्तर नाही.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदार ही वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची ऑनर्सची विद्यार्थिनी असून तिचा हजेरी क्रमांक सतरा आहे. वर्षभरात एकशे साठ दिवस तास झाले. परीक्षेला बसण्यासाठी त्यांपैकी एकशे वीस दिवसांची हजेरी लागते. अर्जदाराची एकशे एकोणीस भरली आहे. परीक्षा नऊ दिवसांवर आली आहे. हे सर्व तीन अर्जांत सांगून झाले आहे आणि चौथ्यांदा लिहिताना हात जड होतो. तरीही प्रत्येक अर्ज स्वयंपूर्ण असावा असा नियम असल्याने पहिल्यापासून सांगणे भाग आहे.

१. पहिल्या दोन वर्षांत अर्जदाराचा एकही दिवस बुडाला नाही. यात तिचा मोठेपणा काही नाही. घर एका खोलीचे आहे. आई शाळेचे गणवेश शिवायचे काम घरी आणते आणि शिलाई मशीन सकाळी सातला सुरू होते. बसून वाचायला वर्गाइतकी शांत जागा दुसरी नव्हती, म्हणून अर्जदार वर्गात असे. ऑनर्स कक्षाने याची दखल घेतली आणि शेवटच्या वर्षाच्या आरंभी तिला 'सर्वाधिक उपस्थिती' हा पुरस्कार जाहीर केला. समारंभ सकाळी अकराला, म्हणजे ऐन तासाच्या वेळी झाला. अर्जदाराचा बुडालेला तो पहिला दिवस.

२. ऑनर्स कक्षाची एक पद्धत आहे. ज्याचा एकदा सत्कार झाला त्याने पुढच्या प्रत्येक सत्काराला निळा पट्टा घालून पहिल्या रांगेत बसायचे, कारण पाहुण्यांना समोर गुणवंत दिसले पाहिजेत. शिवाय प्रत्येक यशाला एक संधी जोडलेली असते. संधी पार पाडली की तेही यशच धरले जाते, आणि त्या यशाला पुन्हा संधी लागते. हे चाक थांबवायचे कसे, हे कक्षात कोणालाच माहीत नाही. अर्जदाराने विचारून पाहिले आहे. त्यानुसार अर्जदार तेरा दिवस पहिल्या रांगेत बसली. सहा दिवस नेतृत्व शिबिरात होती. तिथे चाळीसच्या चाळीस पुढारी होते, मागून चालायला कोणी नव्हते. पाच दिवस तिने पाहुण्यांना इमारत दाखवली. सहा दिवस रंगीत तालमीत गेले. आणि नऊ दिवस निरनिराळ्या महाविद्यालयांत जाऊन तिने 'नियमित उपस्थितीचे महत्त्व' या विषयावर व्याख्यान दिले. नऊही व्याख्याने तासाच्या वेळी होती. एका ठिकाणी शेवटच्या बाकावरच्या मुलीने उभे राहून विचारले, "ताई, आज तुमचा वर्ग नाही का?" अर्जदाराने पाणी मागून घेतले.

३. 'मग नाही म्हणायचे होते,' असे आपल्या मनात येईल. संधी नाकारण्यासाठी एक छापील नमुना आहे. त्यात कारणांचे चार चौकोन आहेत : आजारपण, घरातील मृत्यू, विवाह, आणि याहून मोठी संधी. 'वर्ग आहे' असा चौकोन नाही. अर्जदाराने तसे समासात लिहून दिले, तेव्हा समन्वयक बाई प्रेमानेच म्हणाल्या, "अगं, वर्गात काय, कोणीही बसतं!" या दिवसांची कर्तव्यरजा मागितली असता, संधी ऐच्छिक असते, सबब ती कर्तव्य नव्हे, असे उत्तर मिळाले. आणि ऐच्छिक म्हणून सोडली, तर ऑनर्स जाते. बाईंवर अर्जदाराचा राग नाही. त्या मनाने चांगल्या आहेत आणि स्वतःही कधी जागेवर नसतात. पण 'भीक नको पण कुत्रा आवर' असे लोक का म्हणतात, ते अर्जदारास या वर्षी कळले.

४. अर्जदाराचा प्रकल्प रोपांच्या वाढीवर होता. प्रयोगशाळेच्या खिडकीत चार ट्रे होते आणि साठ दिवस रोज सकाळी मोजपट्टी लावून नोंद करायची होती. अर्जदार शिबिरात असताना प्रयोगशाळेतील मामांनी पाणी घातले आणि स्वतःच्या अक्षरात नोंदीही ठेवल्या. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. एकोणचाळिसाव्या दिवशी या प्रकल्पाला 'उत्कृष्ट चालू प्रकल्प' हे पारितोषिक मिळाले आणि पाहुण्यांना दिसावेत म्हणून चारही ट्रे व्यासपीठावर मांडण्यात आले. वरून मोठे दिवे होते. अकरा भाषणे झाली. शेवटच्या भाषणात रोपांना भविष्याची उपमा देण्यात आली, तोवर त्यांनी माना टाकल्या होत्या. ट्रे परत नेताना मामा एवढेच म्हणाले, "पोरी, रोपांना भाषणं मानवत नाहीत." प्रमाणपत्रावर आजही 'चालू प्रकल्प' असेच लिहिलेले आहे. अर्जदार त्या दिवशी जिन्यात बसून रडली. त्याची कोठे नोंद नाही आणि ती व्हावी अशी मागणीही नाही.

५. येथवर चाळीस दिवस झाले. ते गैरहजेरीचे आहेत आणि अर्जदारास पूर्ण मान्य आहेत. प्रश्न एक्केचाळिसाव्याचा आहे. सर हजेरी घेताना 'सतरा' म्हणत, तेव्हा सुरुवातीला सगळा वर्ग एका सुरात 'स्टेजवर!' असे ओरडत असे. पुढे ओरडण्याचाही कंटाळा आला. मग सर सोळावरून थेट अठरावर जाऊ लागले. फेब्रुवारीच्या आठ तारखेला पाहुण्यांचे विमान चुकल्याने एक समारंभ रद्द झाला आणि अर्जदार वर्गात गेली. खिडकीजवळची, दुसऱ्या रांगेतील तिची जागा मोकळीच होती. सरांनी पुकारले, "सोळा." मग पुकारले, "अठरा." सवयीचा दोष, दुसरे काही नाही. उभे राहून 'हजर' म्हणावे असे अर्जदाराच्या मनात आले. पण वर्षभर ती उभी राहिली की लोक टाळ्या वाजवत आले आहेत. त्या दिवशी कोणी पाहत नव्हते, फळ्यावर मुळाची आकृती होती, आणि अर्जदारास फार बरे वाटत होते. तास संपल्यावर सांगू, असे तिने ठरवले. तास संपण्याआधीच कक्षाकडून दुसरा निरोप आला, आणि ते राहून गेले.

६. सरांना नंतर सांगितले. ते म्हणाले, "तू असतीस तर मी पुकारलं नसतं का?" हजेरीपट तोवर आपल्याकडे पोचला होता. खिडकी क्रमांक तीनवरील लिपिकांनी पुरावा म्हणून फोटो मागितला. अर्जदाराकडे गैरहजर असल्याचे चाळीस दिवसांचे फोटो आहेत, हजर असल्याचा एकही नाही. लिपिकांच्या डोक्यावर, मागच्या भिंतीवर, अर्जदाराचे मोठे छायाचित्र लावलेले असून त्याखाली 'नियमितता हेच यश' असे छापले आहे. त्यांनी एकदा वर पाहिले, एकदा अर्जदाराकडे पाहिले आणि म्हणाले, "ती रोज असते हो इथे. तुमचं काय ते बोला." रांगेतले सगळे हसले. अर्जदारही हसली, कारण दुसरे काही सुचेना.

७. आठ फेब्रुवारीच्या वहीची चार पाने सोबत जोडली आहेत. पहिल्या पानाच्या समासात हजेरी क्रमांक अठराच्या अक्षरात 'आज स्टेज मोडलं की काय?' असे लिहिलेले आहे. त्याखाली अर्जदाराच्या अक्षरात 'गप. लिहू दे.' असे आहे. अर्जदार वर्गात असल्याचा एवढाच पुरावा जगात शिल्लक आहे. अठराने सही करून साक्ष देण्याची तयारी दाखवली आहे.

८. अपात्रांच्या यादीत नाव लागले त्याच दुपारी ऑनर्स कक्षाकडून अभिनंदनाचे पत्र आले. 'अपयशाकडे संधी म्हणून पाहताना' या विषयावरील व्याख्यानासाठी अर्जदाराची एकमताने निवड झाली आहे. तारीख पहिल्या पेपरची आहे. ते पत्र अर्जदाराने आईला वाचून दाखवले. आईने मशीन थांबवले आणि विचारले, "एवढी बक्षिसं मिळाली, बाई, मग तू पास कधी होणार?" याचे उत्तर आपल्याजवळ असल्यास कळवावे.

सबब विनंती की, आठ फेब्रुवारी हा एक दिवस हजर धरण्यात यावा. बाकीचे चाळीस मागत नाही. ऑनर्स काढून घेतले तरी हरकत नाही, साधी पदवी चालेल. निळा पट्टा धुऊन, इस्त्री करून परत केला आहे. भिंतीवरचे छायाचित्र उतरवावे किंवा राहू द्यावे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. वर्षभर मला जिथे जिथे बसवले तिथे मी बसले, आणि जिथे बसायला आले होते तिथे मोजून एकशे वीस दिवस बसले. महोदय, त्या दिवशी मी हजर होते. मला कोणी पुकारले नाही, एवढेच.

उत्तर मिळेपर्यंत खिडकी क्रमांक तीनसमोर उभी असलेली,

आपली नम्र,
(सही)
हजेरी क्रमांक १७
दिनांक : १८ मार्च

सोबत :
१) प्रमाणपत्रांच्या छायाप्रती, एकवीस.
२) अर्जदार पहिल्या रांगेत बसल्याचे फोटो. (पाकीट फाटल्याने दोऱ्याने बांधले आहेत.)
३) प्रयोगशाळेतील मामांच्या अक्षरातील सहा दिवसांच्या नोंदी.
४) हजेरी क्रमांक अठराचे साक्षपत्र.
५) आठ फेब्रुवारीच्या वहीची चार पाने, मूळ प्रत. (अभ्यासाला लागणार आहेत. परत मिळावीत.)