सांगितलेला आकडा परत घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मेंदू व मज्जासंस्था विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्कॅनवरून मला सांगण्यात आलेला पत्नीच्या आयुष्याचा आकडा परत घेण्याबाबत.

संदर्भ : माझा पहिला अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

माझ्या पत्नीच्या मेंदूतील कर्करोगाच्या गाठीवर आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पत्नी घरी आहे, हिंडते-फिरते. उजव्या हातात कप मात्र अजून धरवत नाही.

१. शस्त्रक्रियेआधी मेंदूचे स्कॅन संगणकाला दाखवून रुग्ण साधारण किती काळ जगेल, याचा अंदाज आपल्याकडे काढला जातो. तो ऐकायचा का, हे रुग्णाला आणि नातेवाइकाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारतात. ही पद्धत योग्य आहे. पत्नी “नको” म्हणाली. मी “हो” म्हणालो. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. माहिती समोरून चालत येत असताना नको म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही.

२. तज्ज्ञ डॉक्टरांनी पडद्यावर गाठीच्या कडा दाखवल्या आणि अंदाजाची दोन टोके सांगितली : कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मध्ये बरेच अंतर होते. शिवाय काही माणसे दोन्ही टोकांच्या बाहेर जातात, असेही ते म्हणाले. एवढ्यावर मी उठायला हवे होते. परंतु मथळ्यात दोन टोके मावत नाहीत. मी विचारले, “छापायचंच झालं तर कोणता आकडा धरू?” ते म्हणाले, “अहो, असं धरता येत नाही.” मी पुन्हा विचारले. बाहेर रुग्ण ताटकळले होते. त्यांनी मधला एक आकडा सांगितला. यात त्यांचा दोष नाही. तो आकडा या अर्जात लिहिलेला नाही.

३. तेव्हापासून घरी पुढील बदल झाले आहेत. स्वयंपाकघरातला गळका नळ, ज्यावरून अनेक वर्षे बोलणी खाल्ली, तो मी लगेच बदलून घेतला. मेव्हणीशी धरलेला अबोला सोडला. खिडकी उघडी ठेवायची की बंद, हा आमचा रोजचा वाद होता; आता खिडकी पत्नी म्हणेल तशी राहते. पत्नी आमच्याच दैनिकात मुद्रितशोधक होती. मजकुरातून काय गळले आहे, ते तिला आधी दिसते. परवा चहा घेताना ती म्हणाली, “हल्ली भांडत का नाहीस रे? मी काय पाहुणी आहे?” दमलोय, असे मी सांगितले. ती म्हणाली, “दमलास की तर दुप्पट भांडायचास.” मला हल्ली कशाचेच काही वाटत नाही. कामात चुका होत नाहीत.

४. माझा “हो” बदलून “नको” करावा, अशी विनंती मी पहिल्या अर्जात केली होती. “नको”चा “हो” केव्हाही करता येतो, “हो”चा “नको” करण्याची तरतूद नाही, असे आपण कळवले. नियम समजला. तथापि आमच्याकडे चुकीचे काही छापले गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापतात. वाचक बातमी विसरत नाहीत, दुरुस्ती कोणी वाचत नाही, तरी छापतात.

सबब विनंती की,

(अ) त्याच डॉक्टरांनी मला त्याच खोलीत बसवून सांगावे, की एकच आकडा सांगणे ही चूक होती. दोन टोकेच खरी. तेवढ्याने भागले नाही, तर ते स्कॅन दुसऱ्याच कोणाचे होते असे सांगावे. खोटे असले तरी चालेल. मी खातरजमा करणार नाही.

(आ) पुढच्या स्कॅनच्या वेळी मला काही विचारू नये. मी विचारीन, ती सवय आहे. सांगू नये.

उत्तर माझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवावे. घरचे टपाल पत्नी उघडते.

लग्न झाल्यापासून माझा कोणताही मजकूर तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. हा अर्ज तिने वाचलेला नाही. चुका राहिल्या असल्यास सांभाळून घ्याव्यात.

उत्तराची घाई नसलेला,
आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा पती

दिनांक : आपल्या आवक शिक्क्याप्रमाणे धरावा.

सोबत : १. आपल्या उत्तराची प्रत. २. कचेरीचा पत्ता घातलेला लिफाफा.