पट्टीखालचे अकरा शेरे

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
पर्जन्यनोंद संगणकीकरण कक्ष,
बीड.

अर्जदार : बिभीषण आप्पाराव तिडके, वय ६३, सेवानिवृत्त कोतवाल, मौजे बोरदरा, ता. धारूर, जि. बीड.

विषय : सन २०१५ चे पर्जन्य रजिस्टर नष्ट करण्यापूर्वी त्यातील एक पान अर्जदारास दहा मिनिटे हाताळू देणेबाबत.

संदर्भ : १) जुनी रजिस्टरे दि. ३१ ऑगस्ट रोजी नष्ट करण्याची आपली जाहीर सूचना.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांस आलेली आपली तीन उत्तरे.

महोदय,

१. विनंतीपूर्वक सादर करतो की, बोरदरा येथील पर्जन्यमापकाची नोंद मी सव्वीस वर्षे घेतली. रोज सकाळी साडेआठला मापक उघडायचा, पाणी काचेच्या नळीत ओतायचे, आकडा रजिस्टरात लिहायचा आणि महिनाअखेर तालुक्याला गोषवारा द्यायचा. पाऊस नसला तरी जावेच लागते आणि ‘निरंक’ असे लिहावेच लागते. आमच्या डोंगरकडेला हे काम मुख्यतः निरंक लिहिण्याचेच आहे. गावातले लोक हसत, म्हणत, कोरड्या भांड्यात रोज काय डोकावतो? त्यांना उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. काही झाले नाही हेही सरकारला कळायला हवे, असे मला वाटे व अजून वाटते.

२. सदर रजिस्टरे आपल्या कक्षाने नेऊन त्यांचे फोटो संकेतस्थळावर टाकले, ही चांगलीच गोष्ट झाली. पूर्वी ते रजिस्टर बघायला मंडळ अधिकाऱ्यांची परवानगी लागे. आता कोणीही, कुठूनही, फुकट बघू शकतो. मीही धारूरच्या सेवा केंद्रात जाऊन बघितले. तेथील दिपालीताईंनी ऑगस्ट २०१५ चे पान काढून दिले. माझे अक्षर, माझी सही, सगळे जागच्या जागी होते. दि. ४ ते १४ समोरच्या ‘शेरा’ या रकान्यावर मात्र एक उभी पांढरी पट्टी चिकटवलेली असून तीवर अकरा वेळा ‘निरंक’ लिहिलेले आहे. ताईंनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले, शेवटी म्हणाल्या, “बाबा, कितीबी मोठं केलं तरी कागदाखालचं दिसत न्हाई.” सरकारची माहिती सर्वांना खुली झाली, पण मला हवी ती पट्टीखाली राहिली. पट्टी कोणी लावली हे आता लपवण्यात अर्थ नाही. ती मीच लावली.

३. खुलासा असा की, त्या अकरा दिवसांत मी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला दवाखान्यात होतो. रजा टाकली तर काम दुसऱ्याकडे जाईल आणि परत येणार नाही, ही भीती होती. म्हणून नोंद घेण्याचे काम मी माझी पत्नी छबुबाई हिला सांगितले. ती प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकली होती. आकडे तिने बिनचूक घेतले, याबद्दल मी आजही कोणापुढेही छातीठोक सांगेन. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा सोडायचा असतो हे सांगायचे मी विसरलो, आणि तिने तो रोज भरला.

४. मी चौदा तारखेला संध्याकाळी घरी आलो. सोमवारी तपासणी होती, म्हणून आधी रजिस्टर उघडले. पहिल्या दिवशी लिहिले होते, “ढग आल्ते. थांबले न्हाईत.” दुसऱ्या दिवशी, “चिमनी भांड्यात वाकून गेली. तिलाबी निरंक.” तिसऱ्या दिवशी, “तुमी आल्यावर वाचावं म्हनून लिव्हते.” इतके वाचले आणि माझे डोके फिरले. मी ओरडलो, “सरकारी रजिस्टर हाय ही, तुझ्या माहेरची वही न्हाई!” ती म्हणाली, “मग सांगावं कुनाला? घरात हाय कोन?” आम्हाला मूलबाळ नाही, महोदय. ती खोटे बोलत नव्हती. तरीही मी पुढचे आठ शेरे न वाचता कोऱ्या कागदाची पट्टी कापली आणि नुसती कोरी पट्टी डोळ्यांत येईल म्हणून तीवर अकरा वेळा ‘निरंक’ लिहिले. चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ लागत होती. ती तिनेच चुलीवर शिजवून दिली.

५. त्यानंतर छबुबाईने कधी हातात पेन घेतले नाही. बचत गटातही अंगठाच लावू लागली. लोक म्हणत, शिकलेली विसरली. काय झाले ते मला माहीत होते, पण मी कधी बोललो नाही. दि. २ मार्च २०२१ रोजी ती वारली. गटाच्या जुन्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या; त्या पानाखेरीज तिच्या हातचे अक्षर घरात नाही, गावात नाही, माझ्या माहितीप्रमाणे जगात कोठेही नाही.

६. माझ्या पहिल्या अर्जास आपले उत्तर आले की, सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध असून ती तेथे पाहावी. दुसऱ्या अर्जात मी पट्टीचा उल्लेख केला. त्यावर उत्तर आले की, पट्टीखालील मजकूर असल्यास तो त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती ठरतो, सबब श्रीमती छबुबाई यांची लेखी संमती जोडावी. मी मृत्यूचा दाखला जोडला. तिसरे उत्तर असे की, सर्व अकरा नोंदींवर आपलीच, म्हणजे माझी, सही असल्याने अभिलेखानुसार छबुबाई यांनी काहीही लिहिलेले नाही. सही माझीच आहे, ती मी घरी आल्यावर केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाविरुद्ध करू? परंतु तिने काही लिहिले नाही, हे वाक्य सरकारी कागदावर वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

७. रजिस्टर सरकारचे आहे, मला ते घरी न्यायचे नाही. पाऊस सरकारचा, आकडे सरकारचे, रकानेही सरकारने आखलेले. त्यातले ते अकरा शेरे मात्र माझ्या नावचे होते आणि ते मी घेतले नाहीत. चित्र निघाले म्हणून मूळ कागद नष्ट करणार असाल तर चित्रात काय आले नाही तेही एकदा बघून घ्यावे. पट्टीला डिंक नाही, नुसती खळ आहे. ओले फडके ठेवले तर सुटेल, याची मला खात्री आहे. आपला शिपाई माझ्यावर नजर ठेवायला उभा राहिला तरी चालेल. खोटी नोंद केली म्हणून माझ्या पेन्शनबाबत काही कारवाई होणार असेल तर तीही व्हावी, पण ती पान बघून झाल्यावर व्हावी.

८. आता पंचायतीच्या छतावर आपोआप पाऊस मोजणारे यंत्र बसले आहे. मी अंगणात डबा ठेवून रोज साडेआठला नोंद घेतोच, शाळेच्या वहीत. शेऱ्याचा रकानाही आखला आहे आणि तो कोरा सोडत नाही. वही वाचणारे कोणी नाही. तेव्हा तिला कसे वाटले असेल, हे मला आता कळते, दहा वर्षे उशिरा.

तरी ३१ तारखेपूर्वी मला त्या पानाजवळ बसू द्यावे, एवढीच विनंती. हा अर्ज टपालाने न पाठवता मी स्वतः घेऊन आलो असून आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलो आहे.

आपला नम्र,
बिभीषण आप्पाराव तिडके

सोबत : १) छबुबाईचा मृत्यू दाखला. २) तिचे साक्षरता वर्गाचे प्रमाणपत्र. ३) अंबाजोगाईच्या दवाखान्याचा कागद. ४) स्वच्छ फडके, एक.

दि. १४ ऑगस्ट २०२५
सकाळी ८.३० : निरंक.
शेरा : वाचायला आलो आहे.