राघो बोरसे यांचा मोबाईल नंबर व इतर मिळकत

मी, सरलाबाई राघो बोरसे, वय सहासष्ट, धंदा पूर्वी पत्ते लिहिणे व कापडाचे तुकडे चिकटवणे, हल्ली काही नाही, राहणार उधना, सुरत, मूळ तालुका पारोळा, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी एकटी म्हणत नाही, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी विचारले, "माजी, आज कौन सा दिन है?" मी म्हटले, "शनिवार, आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून डिसेंबरातच आहे." त्यांनी लगेच सही केली.

मुलगा, सून, मुलगी, जावई यांपैकी कोणाच्याही सांगण्यावरून मी लिहीत नाही. उलट मुलाने लिहू नको म्हणून सांगितले, म्हणूनच बसले आहे. मला जबर धक्का बसलेला आहे हे खरे. पण धक्का बसणे निराळे आणि वेड लागणे निराळे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

माझ्या यजमानांचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही. कायद्याला लागते म्हणून एकदा लिहिते: कै. राघो सुकदेव बोरसे. येथून पुढे मी 'हे' लिहिले की हेच समजावे.

कलम १. उधन्याचे घर. खालची पुढची खोली, जिथे आमचा धंदा होता, आणि वरचा मजला मुलगा गजेंद्र यास. खालच्या मागच्या दोन खोल्या मुलगी जयश्री हिस, जी बारडोलीस असते. जयश्रीने त्या विकू नयेत. नवऱ्याशी भांडण झाले तर बाईला स्वतःचे एक दार असावे. जावई साखर कारखान्यात आहेत, माणूस गोड आहे, पण दार असावे.

कलम २. बँकेतली ठेव दोघांत सारखी. यावर भांडतील त्यांनी आधी माझ्या फोटोसमोर उभे राहून भांडावे.

कलम ३. ही मिळकत कशी झाली ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सुरतच्या बाजारातले साड्यांचे व्यापारी आम्हाला नव्या मालाचा कपडा देत. मी झिगझॅग कात्रीने त्याचे बोटभर तुकडे कापून जाड कार्डावर चिकटवायची. खाली भाव छापलेला असे. ते कार्ड लखोट्यात घालून आम्ही खानदेशातल्या गावोगावच्या दुकानदारांना टपालाने पाठवत असू. दुकानदार तुकडा चिमटीत धरून चोळायचा, उजेडात बघायचा आणि पोस्टकार्डाने ऑर्डर द्यायचा. आमची दलाली त्यावर.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी हे स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत. "राम राम शेठ. आईचे गुडघे कसे आहेत?" "राम राम. धाकटीचे जमले का?" मी म्हणायची, ही ओळ छापून टाका, किती हात मोडून घ्याल! हे म्हणायचे, "भाव छापायचा असतो, राम राम छापायचा नसतो." त्या एका ओळीवर आमचे घर उभे राहिले.

मग आले मोबाईल. गजेंद्र म्हणाला, कार्ड कशाला, फोटो पाठवू. साडीचा फोटो! फोटो चोळून बघा म्हणावे. सुती की सिंथेटिक ते काचेवर बोट फिरवून कळते का कोणाला? पण दुकानदारांनाही तेच सोपे पडू लागले. टपालाची कार्डे बंद झाली. हे शेवटी शेवटी पुढच्या खोलीत बसून गजेंद्रला एकेक ओळ सांगायचे आणि तो ती मोबाईलवर लिहायचा.

कलम ४. कार्डावर भाव छापायचे, पायाने चालवायचे मशीन. हे मी कोणालाच देऊ शकत नाही. मी जयश्रीच्या बाळंतपणाला बारडोलीस गेले असता गजेंद्रने ते भंगारात घातले. परत येऊन दार उघडले तर मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग. मी तिथेच मटकन बसले. "काय व माय, चोर शिरला काय?" म्हणून शेजारीण धावत आली. मी म्हटले, चोर नाही, माझ्याच कुळाचा दिवा आहे.

झिगझॅग कात्री, डिंकाचा डबा व कापडाच्या तुकड्यांची पेटी जयश्रीस. नातीला तुकडे चोळायला शिकवावे.

कलम ५. आता मुख्य. हे दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेले. आमच्या धंद्यात माणूस गेला की सगळ्या गिऱ्हाइकांना काळ्या किनारीचे, कोपरा कापलेले कार्ड जाते. ते घरात नेत नाहीत. दारात उभ्या उभ्या वाचतात, फाडतात, हातपाय धुतात आणि मग आत जातात. ज्याचे कार्ड फाडले गेले तो सुटला, असे आमच्याकडे मानतात.

ह्यांचे कार्ड गेले नाही. दहावे झाले, तेरावे झाले, मी विचारत राहिले. गजेंद्र म्हणे, छापायला टाकलंय. त्याने टाकले नव्हते. ह्यांच्या नंबरावरून दर रविवारी सकाळी सगळ्या दुकानदारांना मेसेज जातच होते. लिहिणारे कोणी नाही. कॉम्प्युटरवाल्याकडून त्याने तशी सोय करून घेतलेली, आपोआप जातात, उत्तरेही आपोआप. वर ह्यांचा टोपीवाला फोटो.

हे मला कसे कळले? मी मेथी निवडत होते. फोन वाजला. यंदा दिवाळीला गजेंद्रने ह्यांच्या फोनमधली सगळीच नावे त्या यादीत घातली, आणि ह्यांनी माझा नंबर 'घर' म्हणून ठेवला होता हे त्या शहाण्याने पाहिलेच नाही. मेसेज असा: "राम राम घर! मी राघो बोरसे. घरी सर्व खुशाल ना? नवीन माल आला आहे. पाठवू का?"

हातातली मेथी हातातच राहिली. छातीत असे धडधडले की आता मीही चालले असे वाटले. कोणाला हाक मारायची? आणि मारून काय सांगायचे? मी पदर डोक्यावर घेतला आणि लिहिले, "हो. पण तुम्ही कुठे आहात?"

उत्तर लगेच आले. "धन्यवाद घर! आपला पत्ता पाठवा."

ह्यांनी, आपल्याच घराचा पत्ता, मला विचारला! जन्मभर मी लोकांचे पत्ते लिहिले, पण हा एक लिहिताना बोट चालेना. तरी लिहिला. परक्या जागी गेलेल्या माणसाला नसेल आठवत, असे मनात आले. हसायचे त्याने हसावे.

दोन दिवसांनी दारात टेम्पो. हमालाने खोका उतरवला, भरून साड्या. "किसने भेजा?" तर म्हणे, "राघोभाई ने." शेजारच्या रमीलाबेन दारात उभ्या होत्या, त्यांनी भिंतच धरली.

कलम ६. सदर खोक्यातल्या साड्या. एक निळी मी ठेवून घेतली, तिच्याबद्दल कोणी काही विचारू नये. एक सून मनीषास, कारण खोका बघून हसली नाही ती एकटीच. बाकीच्या जयश्रीने वाटाव्यात. सिंथेटिक आहेत, चांगल्या नाहीत. हे असते तर असला माल ह्यांनी पाठवलाच नसता.

कलम ७. खोका आला त्या दिवशी गजेंद्रला समोर बसवले. मी म्हटले, "तुना बापले मरू दे रे भो!"

तो मान खाली घालून म्हणाला, "आई, पप्पांच्या नावानं मेसेज गेला की लोक उघडतात. माझ्या नावानं गेला की ब्लॉक करतात. नाव बंद तर धंधो बंद. मी काय लूमवर मजुरीला जाऊ आता?"

"मग माणूस गेला हे सांगायचंच नाही कोणाला?"

"सांगितलं तर उद्या कोण ऑर्डर देईल?"

दोन लेकरे आहेत त्याला, शाळेची फी आहे. तो लुच्चा नाही. पण बापाला दाराबाहेर ताटकळत ठेवून पोटाला मिळवायचे, हे मला सोसेना.

आता गजेंद्रला ठाऊक नसलेली गोष्ट. ह्यांच्या कागदांवर कुठे राघो, कुठे रघुनाथ, म्हणून दुकानदार सिमकार्ड देईना, तेव्हा तो नंबर माझ्या आधारवर घेतला होता. म्हणजे नंबर माझा आहे. घरापेक्षा मोठी मिळकत तीच, आणि ती मी कोणासही देत नाही. सदर नंबर तात्काळ व कायमचा बंद करावा. तसे न केल्यास कलम १ मधील गजेंद्रचा हिस्सा जयश्रीकडे जावा.

कलम ८. कलम ७ नुसते लिहून मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी उधन्याच्या पोस्टात जाऊन पोस्टकार्डे मागितली. खिडकीतला बाबू म्हणाला, "इतने सारे? माजी, कोई इनामी योजना है क्या?" म्हटले, "माझा नवरा मेलाय." त्याने दोन वर्षे उशिराने का होईना, हात जोडले. घरी येऊन काळ्या पेनाने किनार काढली, कोपरे कापले, पत्ते लिहिले. चुलीवर आमटी जळाली, जळू दिली.

कार्डे गेली. मला वाटले बाजारात हाहाकार होईल. राघोभाऊ गेले आणि आम्हाला दोन वर्षे कळवले नाही, म्हणून लोक गजेंद्रचे तोंड बघणार नाहीत. मी मनाची तयारी केली होती.

पहिला फोन आला तो शहाद्याच्या सुंदराबाईचा. साड्यांचे दुकान एकटीने चालवते. हिच्या कार्डावर हे एकाऐवजी दोन ओळी लिहीत, म्हणून तिच्याशी माझे पस्तीस वर्षांचे वैर. ते मी या मृत्युपत्रान्वये आज सोडते. कारण पुढे येते.

ती म्हणाली, "सरलाताई, कार्ड आलं. दारातच वाचलं, फाडलं, हातपाय धुतले, आणि मग तुम्हाला फोन केला."

मी म्हटले, "बाई, माफ करा, फार उशीर झाला. तुम्हाला केवढा धक्का बसला असेल."

ती म्हणाली, "धक्का कशाचा, ताई? राघोभाऊ गेले ते आम्हाला तेव्हाच कळलं. उधन्यात कोणी शिंकलं तरी शहाद्याला कळतं, रोज गाड्या येतात. आम्ही दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. शिरपूर, दोंडाईचा, सगळ्यांनाच ठाऊक आहे."

मी म्हटले, "मग दर रविवारी त्या मेसेजला उत्तरं कशी देत होतात तुम्ही?"

"राम राम आला की राम राम द्यायचा असतो. मेलेल्याच्या नावानं आला म्हणून काय गप्प बसायचं? पोरगा धंदा करतोय, नाव बापाचं आहे, त्यात चुकलं काय? ऑर्डर आम्ही गजेंद्रलाच देतो हो, राघोभाऊंना नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, ते मेसेज तुम्हालाही येतात?"

मी फोन ठेवला.

शहाद्याला ठाऊक. शिरपूरला ठाऊक. ज्याला फसवले म्हणून मी पोटच्या पोराला नको नको ते बोलले, तो बाजार फसलेलाच नव्हता. ह्यांचा मेसेज आला की पदर सावरून उत्तर लिहिणारी एकटी मीच. कारण ते एकदाच लिहून मी थांबले नव्हते. प्रत्येक रविवारी लिहीत होते. गुडघे दुखतात ते लिहिले, नातीला दात आला ते लिहिले, पोरगा ऐकत नाही तेही लिहिले. दर वेळी उत्तर येई, "धन्यवाद घर!" नंबर बंद करा म्हणून कलम ७ लिहिले तो रविवारच होता, त्या दिवशी सकाळीही मी लिहिले होते.

कलम ९. सबब कलम ७ मधील 'तात्काळ' हा शब्द व हिस्सा काढून घेण्याची अट मी रद्द करते. गजेंद्रने धंदा स्वतःच्या नावाने करावा, लोक त्याला ओळखतात. सदर नंबर माझ्या मृत्यूनंतर, माझे कार्ड गेले की, बंद करावा.

मी आहे तोवर तो चालू ठेवावा, मात्र यादीत दुसरे कोणी नको, फक्त 'घर' असावे. गेल्या रविवारी मेसेज दुपारी आला. तसे पुन्हा होऊ देऊ नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझाच आहे, आणि पुढील दोघींच्या देखत सही करीत आहे.

सही: सरलाबाई राघो बोरसे

साक्षीदार:
१. रमीलाबेन ठाकोरभाई पटेल, शेजारी. (सही गुजरातीत)
२. मयुरी हिंमत निकम, शिकवणी घेते, समोरची गल्ली.

ठिकाण: उधना, सुरत
दिनांक: १८ जानेवारी २०२५, शनिवार