पोर्ट सात चालू आहे

४ नोव्हेंबर, मंगळवार
नलू माहेरी गेली. बाभुळगावला, भावाकडे. जाताना म्हणाली, माह्याशी बोलाले तुमाले येळ नाही, त्या डब्याकडं पाहाले दिवस पुरत नाही. डबा म्हणजे माझा राऊटर! अर्ध्या राळेगावचं इंटरनेट त्यातून जातं, हे या बाईला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलं नाही. ठरवलं, आपण फोन करायचा नाही. राग उतरला की येईल आपसूक.

५ नोव्हेंबर
घर फार शांत आहे. कामाला बरं.
सुचलं! सासुरवाडीची लाईनही माझ्याच राऊटरवर. पोर्ट नंबर सात. राऊटरचं पान उघडलं की दिसतं: लाईन चालू की बंद, तिकडून डेटा किती आला, इकडून किती गेला, एरर किती. त्या डेटात काय आहे ते दिसत नाही, आणि पाहूही नये. पण लाईन चालू. एरर शून्य. म्हणजे नलू ठीक आहे. फोनची गरजच काय?

११ नोव्हेंबर, सकाळ
राऊटरच्या पानावरचा रात्रीचा ग्राफ दोनदा तपासला. रात्रभर तिकडून डेटा येत होता. एकसारखा, खंड नाही. म्हणजे नलू झोपत नाही. आमच्या लग्नाचे व्हिडिओ कुणाला तरी पाठवत बसत असेल. बिचारी. मलाही वाईट वाटलं. पण आत्ता फोन केला तर तिला वाटेल मी हरलो.

१९ नोव्हेंबर
रोज तेच. तिकडून भरभरून येतं, इकडून जातं चिमूटभर. मनाला लागलं. संसारात आपणही काही द्यायला हवं. म्हणून पोर्ट सातचा स्पीड दुप्पट केला. तिला कळवलं नाही. असल्या गोष्टी सांगून करायच्या नसतात.

२७ नोव्हेंबर
पोर्ट सात बंद! धावत स्टँड गाठलं. एसटीत पाय ठेवणार तेवढ्यात मोबाईलवर पाहिलं, चालू. तिकडे लाईट गेली असणार. परत फिरलो. पोळ्या हॉटेलातून आणल्या.
जेवताना थोडं रडू आलं. दगदगीमुळे असेल.

९ डिसेंबर
लाईन चालू, पण रविवारपासून तिकडून जवळजवळ काही येत नाही. एरर शून्य. लाईनीत बिघाड नाही, म्हणजे नलूच आजारी. की तिनं माझी आशा सोडली? उद्या पहिल्या बसने जातो. सॉरीसुद्धा म्हणेन. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं.

१० डिसेंबर
सासूबाई हंसाबाई दारातच बसल्या होत्या. नलू कुठं, असं विचारलं. म्हणाल्या, थे तं मागच्या महिन्यातच नागपूरले गेली, जावईबापू. हॉस्टेलात सैपाकाचं काम लागलं. जाण्याआधी लय वाट पाह्यली तुमची. एक फोन तं कराचा होता.
मग रात्र रात्र डेटा कोण पाठवत होतं? मेहुण्याने, इंद्रजितने, हौसेने गोठा दाखवला. म्हैस गाभण होती. तिच्यावर लक्ष ठेवायला त्याने मोबाईलवर दिसणारा कॅमेरा लावला होता. रविवारी व्याली, कॅमेरा काढला. म्हणाला, भाऊजी, मधात स्पीड काय वाढवला तुमी! म्हशीचा कान हालला तरी दिसे.
महिनाभर मी एका म्हशीसाठी झुरलो. आणि माझी नलू त्या घरात नव्हतीच.

स्टँडवर बसून तिला फोन लावला. लगेच उचलला. हॅलो म्हणाली. वाट पाहत होती, ते मला कळत होतं. बोलायचं खूप होतं, आरशासमोर जमलेलं सॉरीसुद्धा. शेवटी विचारलं, तिकडे नेट बरं चालतं का?
ती म्हणाली, चालते.
मग तिनं फोन ठेवला.