स्टोव्हवरची फौज

१९ जून ९४, सांगली मुक्काम
असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं! अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कऱ्हाडला एक म्हातारे गृहस्थ गाडीत चढले. मांडीवर जाड पुस्तक उघडं. तिकीट द्यायला वाकलो, तर चित्रात निळे कोट, केसाळ टोप्या, उधळलेली घोडी. बी.ए.ला इतिहास होता माझा. तोंडातून निघून गेलं, 'वॉटर्लू का हो?' त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. 'मुक्काम कुठं, कंडक्टर?' सांगलीच म्हटलं. 'मग संध्याकाळी विश्रामबागला या. चौगुले डॉक्टर म्हणून कुणालाही विचारा.'

गेलो. पंगत बसेल एवढं मोठं टेबल, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढे शिपाई! शेकड्यांनी! बटणं रंगवलेली. मिशा रंगवलेल्या! फासे टाकायचे, फूटपट्टीनं मोजून पलटणी पुढं सरकवायच्या. नेपोलियनच्या लढाया लढायच्या. घरात बसून!

'समोर कोण असतं?' मी विचारलं. 'कुणी नाही. बायको गेली. दोन्हीकडून मीच लढतो,' म्हणाले.

२१ जून, सातारा
घरी आल्या आल्या अक्षताला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. 'म्हातारा माणूस बाहुल्या खेळतोय व्हय?' मी रागावलो नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण झोपेपर्यंत डोक्यात घोडीच!

३ जुलै
डॉक्टर म्हणतात, तू इंग्रजांची बाजू घे, फ्रेंच माझ्याकडं आहेतच. त्यांचा भाचा विलायतेहून शिपायांच्या डब्या पाठवतो. एका डबीची किंमत ऐकली — आमचा महिन्याचा किराणा! मग म्हटलं, 'मी शिपाई घरीच करतो.' ते हसले. हसू दे!

१७ जुलै
मातीचे वाळताना तडकले. मेणाचे उन्हानं वाकले — पलटणच्या पलटण नमस्कार घालतेय! लाकडाच्या बंदुका तुटतात. बारा वाजले फौजेचे.

७ ऑगस्ट
आज वाईला नशीब उघडलं. घाटाजवळचा जुना छापखाना बंद होतोय. कोंडीबा म्हणून तिथले जुने कामगार, जन्मभर खिळे जुळवले त्यांनी. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. पोत्यांत भरून ठेवलेली. 'आता ऑफसेट आलं. हे जुळवणार कोण? भंगारवाला नेणारच हाय, तुमी न्या,' म्हणाले. भंगाराच्या भावात दिलं.

पोतं एवढं जड की वाईच्या स्टँडवर दोघांनी गाडीत चढवलं.

९ ऑगस्ट
स्टोव्हवर जुनी कढई ठेवली. मूठभर खिळे टाकले. थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम 'ळ' खाली बसला! त्याच्यामागून सगळेच. काना, मात्रा, वेलांट्या… बघता बघता नुसतं चकचकीत पाणी. माझ्या अंगावर काटा आला.

अक्षता दारात उभी. 'आवं, अक्षरं हायती ती! बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आन् तुमी अक्षरं वितळवताय?'

मी आणखी एक मूठ कढईत टाकली.

१५ ऑगस्ट
सुट्टी. नमुन्याचा शिपाई एम-सीलचा केला, तारेच्या सांगाड्यावर. त्यावरून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा. गणपतीच्या कारखान्यातून प्लॅस्टर आणलं. ओतलं, आणि फट्! साचा आतून ओला होता. शिसं उसळून भिंतीवर, छतावर, माझ्या हातावर! अक्षता किंचाळली. मी मात्र भाजलेल्या हातानं साचा उघडून बघतोय — आत अर्धा शिपाई! पाय नाहीत, पण छातीवरचे पट्टे सगळे उमटलेत! नाचलो. ती म्हणाली, 'येडं झालंय माणूस.'

११ सप्टेंबर
पहिली पलटण उभी राहिली! रोज ड्यूटीवरून आलो की ओतकाम. बाहेर पाऊस, म्हणून खिडकी लावून घेतो. कडा कानशीनं घासायच्या. ते काम अक्षतानं आपणहून घेतलं. रंगही तीच देते. लाल कोटांना तिचं नेलपॉलिश! ब्रशचं टोक ओठांत धरून असं बारीक करते की मला मिशी जमत नाही तिथं ती भुवई काढते. थक्क झालो. लग्नाला चार वर्षं झाली आणि हे मला ठाऊक नव्हतं!

'पलूसला म्हायेरी भिंतीवर मोर काढायची मी. तुमी कवा इचारलं?' म्हणाली.

१३ ऑक्टोबर
दसरा. विहारात जाऊन आलो. परतताना ती म्हणते, 'धम्म शांतीचा घेतला, आन् घरात पलटणी!' दोघंही रस्त्यात हसत सुटलो. पोटात मात्र सकाळपासून पिळतंय.

६ नोव्हेंबर
आज मला काय झालं?

भाजीत मीठ कमी होतं. एवढंच. मी ताट भिरकावलं. मी! वडिलांनी आईवर हात उगारलेला बघून ज्यानं शपथ घेतली होती, तो मी! वरण भिंतीवरून ओघळत होतं. अक्षता खाली बसून पुसत राहिली. माझे हात थरथरत होते, आणि राग उतरेचना. उलट तिच्या गप्प बसण्याचाच राग आला.

लिहितानाही लाज वाटते.

७ नोव्हेंबर
ती बोलत नाही. घोडदळ मात्र रंगवून ठेवलंय.

२० नोव्हेंबर
पोटदुखी जात नाही. ओवा झाला, सोडा झाला. तोंडात सतत गोडसर, गंजल्यासारखी चव. इस्लामपूरजवळ तिकिटाचा पंच हातातून दोनदा पडला. एक बाई म्हणाली, 'घिऊन आलाय काय रं?' मी जन्मात दारूला शिवलो नाही! सगळी गाडी माझ्याकडं बघत होती.

४ डिसेंबर
पुन्हा भांडण. कशावरून, तेही आठवत नाही. ती म्हणाली, 'तुमी पैल्यासारखं न्हाई ऱ्हायला. तुमची ती सांगलीची लढाई झाली की मी पलूसला जाते.' किती दिवसांसाठी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१८ डिसेंबर, सांगली
कसं लिहू? हात चालत नाही. डाव्या हातानं लिहितोय.

रविवार. बुटांच्या खोक्यांत फौज भरून दोघं सांगलीला गेलो. अक्षताला म्हटलं, तुझं काम डॉक्टरांना बघू दे, मग जा. डॉक्टर बघतच राहिले. 'हे घरी केलंत? स्टोव्हवर?' प्रत्येक शिपाई भिंगाखाली धरला. 'पोरी, हात सोन्याचा आहे तुझा!' ती लाजली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुललेला बघितला.

लढाई सुरू झाली. दुपारपर्यंत मी जिंकत होतो! त्यांची डावी फळी मोडली. घोडदळ पुढं घालायचं म्हणून हात लांब केला, घोडा धरला — आणि उचलता येईना. मनगट लुळं. घोडा पलटणीवर पडला, दहा-बारा शिपाई आडवे. मी हसण्यावारी नेलं, 'घोडं बुजलं.'

डॉक्टर हसले नाहीत. 'हात पुढं कर. आता पंजा वर उचल.'

उचलेना! मी सगळी ताकद लावली. पंजा नुसता लोंबतोय. माझाच हात, आणि माझं ऐकत नाही!

'तोंड उघड.' बॅटरी आणली. ओठ बोटानं खाली ओढून हिरड्या बघितल्या. बराच वेळ. 'पोटात दुखतं? चिडचिड होते? राग आवरत नाही?'

मी अक्षताकडं बघितलं. ती माझ्याकडं.

'हिरडीवर निळी रेघ आहे. ही फौज कशाची रे?'
'शिशाची. छापखान्याचे खिळे.'
'वितळवता कुठं?'
'घरात. स्वयंपाकाच्या खोलीत.'
'खिडकी?'
'लावलेली.'

डॉक्टर खुर्चीत बसले, बसले म्हणजे कोसळलेच. 'शिसं अंगात भिनलंय तुझ्या. विष आहे ते! आणि मी मूर्ख भिंगातून मिशा बघत बसलो!'

अक्षता म्हणाली, 'म्हंजी त्यो राग… ह्यांचा नव्हता?'
'सगळा नव्हता,' डॉक्टर म्हणाले.

ती टेबलाला धरून उभी राहिली आणि रडायला लागली. मी हौसेनं, शिट्टी वाजवत, स्वतःच्या हातानं हे शिजवत होतो?

१९ डिसेंबर, मिरज
डॉक्टरांनी स्वतः आणून दवाखान्यात दाखल केलं. रक्त घेतलं. तपासायला मुंबईला जाणार. अक्षताचंही घेतलं. ती म्हणत होती, 'मला कशाला? मला काय झालंय?' डॉक्टरांनी ऐकलं नाही. कानस, ब्रश, ओठ, सगळं विचारून घेतलं त्यांनी.

पलूसचं नाव तिनं काढलं नाही. बाकावर बसून राहिली.

२७ डिसेंबर
औषधानं पोट शांत झालं. पंजा आज बोटभर वर उचलला. नर्सबाईंना बोलावून दाखवला!

डॉक्टर साताऱ्याला जाऊन घर बघून आले. कढई, साचे, उरलेले खिळे, सगळं डब्यात बंद करून नेलं. खोली ओल्या फडक्यानं पुसायला माणूस लावला. 'फौज?' मी विचारलं. म्हणाले, 'काचेच्या कपाटात. कुलूप लावलंय. हात कुणी लावायचा नाही, मीसुद्धा.'

कोंडीबांना निरोप धाडला, दवाखान्यात दाखवा म्हणून. उलटा निरोप आला — 'हात कवाच गेला माजा. वय म्हनलं लोक.'

तो निरोप ऐकल्यापासून जेवण जात नाही.

८ जानेवारी ९५
घरी आलो. अक्षतानं भाकरी केली. दोघं एका ताटात जेवलो. मी म्हटलं, 'त्या दिवसाचं ताट…' 'जेवा आता,' म्हणाली.

१४ जानेवारी
मुंबईचे रिपोर्ट आले. डॉक्टर स्वतः गाडी करून आले, दारातच उभे राहिले, आत येईनात. अक्षताच्या रक्तात माझ्याहून जास्त शिसं आहे. माझ्याहून जास्त! पोटदुखी, थकवा, चिडचिड — इतके महिने ती सगळं अंगावर काढत होती, आणि मी विचारलंही नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली — 'मला वाटायचं, मलाच संसार जमंना.'